ब्राम्सची चौथी सिंफनी, पहिली मूव्हमेंट: धून परत येते ती नेमकी कुठे?

मंद्रषड्ज

सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, ऐकायला लागलेल्या बऱ्याच जणांची एक तक्रार असते. कानाला छान वाटतं, पण चाललंय काय ते समजत नाही. मग कुणीतरी सोनाटा फॉर्म या आराखड्याची व्याख्या हातात देतं: आधी एक्स्पोझिशन (मांडणी), त्यात दोन विषय, म्हणजे मुख्य धुनी, मग डेव्हलपमेंट (त्या धुनींचा विस्तार), मग रिकॅपिट्युलेशन, म्हणजे पहिल्या विषयाचं पुनरागमन. व्याख्या पाठ होते, आणि ऐकायला बसलं की यातली एकही हद्द दिसत नाही.

माझं म्हणणं असं की जर्मन संगीतकार ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीच्या (ई मायनर, म्हणजे ई हा सा असलेली उदास छटेची स्वरमाला; ओपस, म्हणजे रचना क्रमांक, ९८) पहिल्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे पहिल्या भागात, या हद्दी मुद्दाम पुसलेल्या आहेत. त्या कुठे आणि कशा पुसल्या हे एकदा कानाने पकडलं की अख्खी रचना उलगडते. अशा दोन जागा आहेत. या धाग्याचा सगळा जीव त्या दोन जागांत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८८४ आणि १८८५ चे उन्हाळे ब्राम्सने ऑस्ट्रियातल्या म्युर्त्सत्सूश्लाग गावी काढले, तिथे ही सिंफनी लिहिली. २५ ऑक्टोबर १८८५ ला जर्मनीतल्या मायनिंगेनमध्ये त्याने स्वतःच ती पहिल्यांदा सादर केली. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. पहिली मूव्हमेंट ४४० मापांची आहे (माप म्हणजे ठरलेल्या मात्रांचा एक गट, इथे चार मात्रांचा), वाजवायला साधारण साडेबारा ते साडेतेरा मिनिटं लागतात.

आता मुख्य धून. प्रस्तावना नाही, तयारी नाही. चौथ्या मात्रेवर वायोलिन 'बी' हा एक सुटा सूर उचलतात (पाश्चात्त्य सुरांची नावं ए ते जी) आणि पुढच्या मापाच्या पहिल्या मात्रेवर 'जी' वर उतरतात. मग श्वास. मग ई-सी. श्वास. ए-एफ शार्प (शार्प म्हणजे अर्ध्या सुराने चढा). श्वास. डी शार्प-बी. दोन-दोन सुरांच्या जोड्या. प्रत्येक श्वासाच्या जागी लाकडी सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्यं मागून हलकेच उत्तर देतात. जोड्या खालीवर उड्या मारतात म्हणून चटकन जाणवत नाही, पण सूर ओळीने लिहून पाहा: बी, जी, ई, सी, ए, एफ शार्प, डी शार्प, बी. प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा एका 'तिसऱ्याने' खाली (आधीचा सूर एक धरून खाली मोजलं तर तिसरा सूर). म्हणजे ही एकच उतरती साखळी आहे, मधल्या मधल्या कड्या तेवढ्या वरच्या सप्तकात टाकलेल्या. पाचव्या मापापासून साखळी उलटी फिरते आणि तिसऱ्या-तिसऱ्याने वर चढते: ई, जी, बी, डी, एफ, ए, सी. चढताना एफ शार्प नाही, साधा एफ आहे, डीसुद्धा साधा. त्यामुळे ई मायनरच्या काळोखात क्षणभर सी मेजरची (मेजर म्हणजे उजळ छटेची स्वरमाला) फट उघडल्यासारखी वाटते.

ई ला सा धरला तर उतरण अशी: प, कोमल ग, सा, कोमल ध, म, रे, शुद्ध नि, प. आठ सुरांत सातही स्वर येऊन जातात.

हे आठ सूर कानात पक्के बसवा. वाटल्यास गुणगुणा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

एक्स्पोझिशनमध्ये पुढे काय होतं ते भरभर सांगतो. १९व्या मापापासून तीच साखळी पुन्हा येते, पण आता वायोलिन ती मोडलेल्या सप्तकांत, म्हणजे तोच सूर खालच्या-वरच्या सप्तकांत आळीपाळीने, वाजवतात आणि आजूबाजूची गर्दी वाढलेली असते. ५३व्या मापाला वाद्यवृंदाचा चेहरा एकदम बदलतो. सुषिर वाद्यांचा ताठ, तुटक ललकार ऐकू येतो, आणि लगेच ५७व्या मापाला चेलो आणि हॉर्न मिळून बी मायनरमध्ये एक रुंद, भरल्या छातीची धून घेतात. पुढे बी मेजर येतो, हवा मोकळी होते, ललकार कुजबुजत परततो आणि १४४व्या मापाला एक्स्पोझिशन संपतं.

पहिली जागा: माप १४५. त्या काळातल्या श्रोत्याला ठाऊक होतं की एक्स्पोझिशन संपलं की ते पहिल्यापासून पुन्हा वाजतं. ब्राम्सने स्वतःच्या आधीच्या तिन्ही सिंफन्यांच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये तशी पुनरावृत्तीची खूण घातली आहे. इथेही १४५व्या मापाला तीच धून, त्याच ई मायनरमध्ये, तशीच हळुवार सुरू होते. श्रोता म्हणतो, आलो पहिल्या पानावर. पण खूण नाहीये. काही मापं गेली की सूरसंगती वेगळ्याच वाटेला लागते, आणि आपण डेव्हलपमेंटमध्ये कधीच शिरलो होतो हे मागाहून कळतं.

दुसरी जागा: माप २४६. डेव्हलपमेंटमध्ये धुनीचे तुकडे होतात, ते एकमेकांवर आदळतात, ललकार गर्जतो, आणि शेवटी शेवटी सगळं विझत जातं. आता नियमाप्रमाणे मूळ धून डौलात परत यायला हवी. बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत ती जागा ऐका, छत कोसळल्यासारखी येते. ब्राम्स काय करतो? सुषिर वाद्यं अगदी दबक्या आवाजात चार लांब सूर धरतात. बी... जी... ई... सी. एकेक सूर मापभर. मग तारवाद्यांची एक अंधुक लहर. पुन्हा लांब सूर: ए... एफ शार्प... डी शार्प... बी. पुन्हा लहर.

हेच पुनरागमन! साखळीचे तेच आठ सूर, फक्त इतके ताणलेले की धून म्हणून ओळखू येत नाहीत. सुरुवातीला जे चार मापांत उरकलं होतं त्याला इथे बारा-तेरा मापं लागतात. आणि मग वायोलिन ई-जी अशी चढती जोडी घेतात, म्हणजे मूळ धुनीचं पाचवं माप, नेहमीच्या चालीत, जणू मध्ये काही घडलंच नाही. तेव्हा कळतं की आपण घरी आधीच पोचलो होतो.

म्हणजे १४५ला धून परत आल्यासारखी वाटते, पण ते पुनरागमन नसतं. २४६ला खरं पुनरागमन होतं, पण ते तसं वाटत नाही. दोन्ही जागी ब्राम्स श्रोत्याच्या सवयीशी बोलतो आहे. या दोन जागा एकमेकींची उलट प्रतिमा आहेत, आणि मूव्हमेंटचा सांगाडा त्यांच्यावर तोललेला आहे असं मला ठामपणे वाटतं.

३९४व्या मापाला कोडा, म्हणजे समारोपाचा भाग, सुरू होतो. तिथे मात्र काहीच लपवलेलं नाही. तीच धून पूर्ण ताकदीने, खालची वाद्यं पुढे आणि वरची तिच्या पाठोपाठ, पाठलाग केल्यासारखी. पहिल्या मापात जी इतकी नाजूक होती तिचं हे रूप ऐकून दर वेळी अंगावर काटा येतो.

---

तिहाई

वाचनखूण साठवली. सरगम दिलीत हे फार बरं केलंत. हार्मोनियमवर वाजवून पाहिलं. उतरणीचे स्वर म्हणजे थेट कीरवाणी: कोमल ग, कोमल ध, बाकी शुद्ध. आणि चढणीत सा, कोमल ग, प, कोमल नि, कोमल रे, म, कोमल ध, म्हणजे भैरवीचे सातही स्वर! राग नव्हेत हे कळतं, चलन नाही, न्यास नाही. तरी उतरताना एक सप्तक आणि चढताना दुसरं, हे कानाला स्पष्ट जाणवलं.

प्रश्न: पहिला विषय म्हणजे स्थायी आणि दुसरा विषय म्हणजे अंतरा, असं समजलं तर चालेल का? आणि पुनरागमन म्हणजे समेवर येणं?

मंद्रषड्ज

तिहाई, कीरवाणी-भैरवीचं निरीक्षण फार आवडलं. चढणीतल्या त्या कोमल रे-नि मुळेच वातावरण पालटतं.

स्थायी-अंतरा मात्र मी म्हणणार नाही. अंतरा वरच्या सप्तकात गेला तरी सा तोच राहतो, तानपुरा त्याला हलू देत नाही. सोनाटामध्ये सा च हलतो. ५७व्या मापाला चेलो जेव्हा ती रुंद धून घेतात तेव्हा बी हा नवा सा झालेला असतो. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ काही असेल तर मूर्च्छना. पण गायक मूर्च्छनेने क्षणभर दुसरा सा दाखवतो आणि परततो. इथे नव्वदेक मापं त्या परक्या सा वर मुक्काम आहे. पुनरागमनानंतर हीच चेलोची धून ई च्या घरात येते आणि तो ताण सुटतो. सोनाटा फॉर्मचा खरा कणा दोन धुनींमधला फरक नसून हा सा चा प्रवास आहे.

सम हा शब्द मात्र चपखल. २४६ला सम येते, पण ठेका इतका विलंबित झालेला असतो की ती निसटून गेल्यावरच लक्षात येते.

---

पायवाट

लेख अभ्यासू आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. मापं मोजत संगीत ऐकायचं का? मी ही सिंफनी खूप वर्षं ऐकतोय. मला त्यात शरद ऋतूतली संध्याकाळ दिसते, आणि तेवढं मला पुरतं. १४५ की २४६ हे कळल्याने माझ्या आनंदात काय भर पडणार? शिवाय हा सोनाटा फॉर्म तरी कुणी ठरवला? संगीतकार काही नियमाचं पुस्तक उघडून बसत नव्हते.

रानजाई

पायवाट, तुमचा दुसरा मुद्दा अगदी बरोबर आहे. हायडन, मोझार्ट लिहीत होते तेव्हा हे नाव आणि हा आराखडा पुस्तकात नव्हता. त्याची पद्धतशीर मांडणी १८४० च्या दशकात ए. बी. मार्क्स या जर्मन संगीत-अभ्यासकाने केली, तीही मुख्यतः बीथोव्हेनकडे पाहून. पण म्हणूनच ब्राम्सची पिढी वेगळी ठरते. तिच्यापुढे आराखडा होता, श्रोत्यांच्याही डोक्यात होता, आणि त्याच्याशी काय करायचं हा प्रश्न प्रत्येक रोमँटिक संगीतकाराला सोडवावा लागला. फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराने तो मोडून नवं काही केलं. ब्राम्सने तो ठेवला आणि त्याचे सांधे झाकले.

आणि ही सिंफनी डोक्याला ताण देते हे ब्राम्सच्या मित्रांनाही वाटलं होतं. पहिल्या जाहीर सादरीकरणाआधी ब्राम्सने इग्नात्स ब्रुल या पियानोवादकाबरोबर दोन पियानोंवर ती मोजक्या मंडळींना ऐकवली. त्यात समीक्षक हान्सलिक होता, ब्राम्सचा चरित्रकार माक्स काल्बेक होता, कंडक्टर हान्स रिश्टर होता. पहिली मूव्हमेंट संपली आणि कुणी बोलेना. शेवटी हान्सलिक म्हणाला की दोन भयंकर बुद्धिमान माणसांनी मिळून आपल्याला झोडपून काढल्यासारखं वाटलं. हान्सलिक ब्राम्सचा सर्वांत मोठा पाठीराखा होता हे लक्षात घ्या. म्हणजे पहिल्यांदा ऐकून चाचपडायला झालं तर त्यात श्रोत्याचं काही उणं नाही.

ब्राम्सचा वायोलिनवादक मित्र योआखिम यालाही ती सुरुवात फार अचानक वाटली होती. त्याचं ऐकून ब्राम्सने चार मापांची प्रस्तावना लिहून पाहिली आणि मग हस्तलिखितात ती खोडून टाकली. मला हे खोडणं फार महत्त्वाचं वाटतं. प्रस्तावना राहिली असती तर १४५ची फसवणूक साधलीच नसती, कारण धुनीआधी ते सूर नाहीत म्हटल्यावर कान लगेच सावध झाला असता.

मंद्रषड्ज

रानजाई, शेवटचं वाक्य लाख मोलाचं.

पायवाट, तुमची संध्याकाळ तुमच्याकडेच राहू द्या, तिला कुणी हात लावत नाही. मापांचे आकडे नकाशावरच्या मैलाच्या दगडांपुरते, ऐकताना ते विसरायचेच. पण एक करून पाहा. २४६च्या त्या लांब सुरांपाशी तुम्हाला नक्कीच काहीतरी होत असणार, तिथे कुणालाही होतं. ते का होतं? कारण ते सूर ओळखीचे आहेत आणि ओळख पटत नाहीये. कळण्याआधी कानाला ते जाणवलेलं असतं. विश्लेषण त्या जाणिवेला फक्त पत्ता देतं.

---

चेलोवाली

मी श्टुटगार्टजवळच्या एका हौशी वाद्यवृंदात चेलो वाजवते. आमच्याकडे ही सिंफनी बसवली होती, म्हणून आतल्या बाजूने थोडं लिहिते.

सुरुवातीला सगळ्यांचे कान वायोलिनवर असतात. त्या वेळी आम्ही चेलो आणि व्हायोला खाली सतत लाटांसारखे सूर फिरवत असतो. वायोलिनच्या श्वासाच्या जागा आहेत ना, तिथे आमचा प्रवाह थांबत नाही. तो थांबला तर धून तुकड्यातुकड्यांची वाटेल. कंडक्टर आम्हाला पुन्हा पुन्हा हेच सांगायचे: जोड्या त्यांच्या, ओळ तुमची. घरी हेडफोन लावून एकदा फक्त ही खालची हालचाल ऐका.

५७व्या मापाची धून म्हणजे आमची मेजवानी. हॉर्न बरोबर असतात, त्यामुळे आवाजाला एक गोलाई येते. पण ती वाजवायची उंच जागी, गळा ताणून गायल्यासारखी, आणि तरी ओरडायचं नाही.

आणि २४६. तिथे सुषिर वाद्यं सूर धरून असतात आणि आम्ही गप्प. मग आमची ती अंधुक लहर, जेमतेम ऐकू येईल इतकी. सगळ्यांत अवघड जागा हीच, कारण तिथे ठेक्याचा आधार काढून घेतलेला असतो. मनात मोजत राहावं लागतं, आणि मोजतोय हे ऐकू येता कामा नये. तालमीत तिथपर्यंत आलो की सगळे आपोआप एकमेकांकडे बघायला लागायचे.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. मंद्रषड्ज, तुम्ही ५३व्या मापाच्या ललकाराला नुसता दरवाजा केलात. आमच्या वाद्यवृंदातले बासूनवाले (बासून म्हणजे खालच्या सुरांचं लाकडी सुषिर वाद्य) म्हणतात तोच खरा दुसरा विषय आहे.

मंद्रषड्ज

'जोड्या त्यांच्या, ओळ तुमची' हे लिहून ठेवतोय.

ललकाराबद्दल: दुसरा विषय कुठला यावर अभ्यासकांतही एकवाक्यता नाही. कुणी ललकार धरतात, कुणी चेलोची धून, कुणी बी मेजरमधला मोकळा भाग. मी ललकाराला विषय म्हणत नाही याचं कारण त्याचं वागणं. चेलोची धून आपल्या ठरल्या जागी येते आणि जाते. ललकार मात्र कुठेही उगवतो: चेलोच्या आधी, एक्स्पोझिशन संपताना कुजबुजत, डेव्हलपमेंटच्या मध्यात पूर्ण आवाजात. जिथे वळण आहे तिथे तो हजर. साखळीची धून हद्दी पुसत जाते आणि ललकार त्या आखत जातो, असं मला ऐकू येतं. तुमच्या बासूनवाल्यांना हे पटणार नाही, ते वाजवतात म्हणून त्यांचं मत वजनदार आहे.

---

तिहाई

ध्वनिमुद्रण कुठलं ऐकावं? यूट्यूबवर डझनावारी आहेत.

रानजाई

सुरुवात कंडक्टर कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाने करा, १९८० चं आहे. गती वाहती, प्रत्येक आतला स्वर स्वच्छ. १४५ची जागा तो अजिबात अधोरेखित करत नाही, त्यामुळे कान पुरता फसतो. मग कंडक्टर फुर्टवेंगलरचं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचं १९४८ चं मैफलीतलं ध्वनिमुद्रण ऐका. पहिला बी तो असा काही उचलतो की तो कुठून सुरू झाला हेच समजत नाही. कोडामध्ये वेग वाढत वाढत जातो तो वेगळाच अनुभव. आवाज जुना आहे, पण दहा मिनिटांत कान सरावतो.

१४५ची जागा बहुतेक ध्वनिमुद्रणांत चौथं मिनिट सरल्यावर येते, २४६ची सातव्या मिनिटाच्या आसपास. स्कोअर (छापील स्वरलिपी) आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतो. वाचता येत नसला तरी उघडा. २४६पाशी पान किती मोकळं दिसतं ते नुसत्या डोळ्यांनीही कळतं.

पायवाट

क्लायबरचं ऐकलं, रात्री, दिवे घालवून. चौथ्या मिनिटानंतर धून आली तेव्हा माहीत असूनही मला ती 'पुन्हा पहिल्यापासून' अशीच वाटली. आणि सातव्या मिनिटाला ते चार लांब सूर आले तेव्हा मी मनात बी-जी-ई-सी म्हणत होतो. इतकी वर्षं ही जागा मला फक्त एक सुंदर शांतता वाटायची. त्या शांततेत मूळ धूनच उभी आहे हे पहिल्यांदा ऐकलं. माझी संध्याकाळ शाबूत आहे, मंद्रषड्ज. तिच्यात आता एक माणूस दिसायला लागलाय.

एक विचारतो. ही तिसऱ्या-तिसऱ्याची साखळी पुढच्या मूव्हमेंटमध्ये कुठे येते का? शेवटच्या मूव्हमेंटमध्ये मला तिचा भास झाला.

मंद्रषड्ज

पायवाट, भास नाही, आहेच! शेवटची मूव्हमेंट म्हणजे आठ मापांच्या एकाच ठरीव ओळीवरची तीस रूपं आणि कोडा. कोडाच्या जरा आधी तीच उतरती साखळी त्या ओळीवर येऊन बसते. संगीतकार शोएनबर्गने 'प्रगतिशील ब्राम्स' या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच गोष्टीकडे बोट दाखवलं आहे. आणि साखळी तिथेही थांबत नाही. १८९६ मध्ये ब्राम्सने 'चार गंभीर गीतं' लिहिली. त्यातलं तिसरं मृत्यूला उद्देशून आहे, त्याची सुरुवात याच चार सुरांनी होते, याच ई मायनरमध्ये: बी, जी, ई, सी. पुढच्या वर्षी ७ मार्चला रिश्टरने व्हिएन्नात ही सिंफनी सादर केली तेव्हा आजारी ब्राम्स श्रोत्यांत होता. ३ एप्रिलला तो गेला.

चेलोवाली

शेवटच्या मूव्हमेंटचा वेगळा धागा काढाच. ती आठ मापांची ओळ बाखच्या १५० क्रमांकाच्या कॅन्टाटावरून (कॅन्टाटा म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची रचना) घेतलेली आहे, तिथून सुरुवात करा. ट्रोंबोन हे पितळी वाद्य वाजवणारे त्या मूव्हमेंटपर्यंत एकही सूर वाजवत नाहीत, सगळा वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसलेले असतात. त्यांच्या बाजूने लिहायला मी आमच्यातल्या एकाला विचारून ठेवते.

तिहाई

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. तोवर मी कीरवाणीची उतरण घोटतो.